चौदा आणि अठरा : एका रात्रीचा घटनाक्रम

फॉलिक्युलर लिम्फोमा हा लसीकाग्रंथींचा कर्करोग बहुधा साठीच्या आसपास कळतो. मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ हाताला लागते. दुखत नाही म्हणून काही महिने तशीच राहते. मग बायोप्सी होते, आणि १०० पैकी ८० ते ९० रुग्णांच्या पेशींत तोच बिघाड दिसतो: चौदाव्या गुणसूत्राचा तुकडा अठराव्याला लागलेला, अठराव्याचा चौदाव्याला. हा बिघाड गाठीच्या कितीतरी वर्षं आधीचा असतो. आणि तो घडायला लागलेला वेळ एका रात्रीत मावतो.

त्या रात्रीचा घटनाक्रम आज लिहिता येतो, त्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या जीवरसायनशास्त्र विभागाचा मोठा वाटा आहे. सतीस राघवन यांनी आधी अमेरिकेत मायकेल लीबर यांच्या प्रयोगशाळेत आणि नंतर बंगळुरूत आपल्या विद्यार्थ्यांसोबत एकच प्रश्न वर्षानुवर्षं धरून ठेवला: अठरावं गुणसूत्र नेमकं त्याच जागी का तुटतं?

तेव्हा समजा, ती रात्र बंगळुरूतली आहे. समजा, माणूस पंचविशीचा, धडधाकट, जयनगरात खोली घेऊन राहणारा. घड्याळातल्या वेळा मी नेमल्या आहेत. घटनांचा क्रम आणि त्यामागची यंत्रणा प्रयोगशाळांतून आलेली आहे.

रात्री ९. शून्याला आठ तास.

तो जेवतोय. त्याच्या कमरेच्या हाडातल्या मज्जेत एक पेशी नुकतीच दुभंगून दोन झाली आहे. त्यातली एक आपली. ती पुढे बी-पेशी होणार, म्हणजे जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार करणाऱ्या फौजेतली. अशा पेशी मज्जेत रोज कोट्यवधी जन्मतात आणि बहुतेक कामाला लागण्याआधीच मरतात.

या पेशीपुढचं काम विलक्षण आहे. तिला अशा प्रतिपिंडाचं जनुक हवंय, जे तिला आईकडून किंवा वडिलांकडून मिळालेलंच नाही. जगात किती तऱ्हेचे जंतू येतील याची यादी वारशात देता येत नाही, म्हणून वारशात फक्त सुटे भाग मिळतात. चौदाव्या गुणसूत्राच्या टोकापाशी ते तीन गटांत मांडलेले असतात: व्ही गटात कामाचे चाळिसेक, डी गटात वीसेक, जे गटात ६. प्रत्येक गटातला एकेक निवडायचा, मधला डीएनए कापून टाकायचा आणि उरलेली टोकं सांधायची. सुसुमु तोनेगावा यांनी १९७६मध्ये हे दाखवलं, तेव्हा जनुकं जन्मभर जशीच्या तशी राहतात या समजाला तडा गेला. १९८७चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

म्हणजे ही पेशी स्वतःचं गुणसूत्र मुद्दाम तोडणार आहे. शरीरातल्या फार थोड्या पेशींना अशी मुभा असते. आपण गोवराला, रोजच्या सर्दीपडशाला तोंड देऊ शकतो ते या मुभेमुळेच.

रात्री ११. सहा तास.

पेशीत ‘रॅग’ नावाच्या दोन प्रथिनांचं प्रमाण वाढू लागतं. रॅग-१ आणि रॅग-२ मिळून एक कात्री होते. डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड शाट्झ आणि मार्जोरी ओटिंजर यांनी १९८९-९०मध्ये या दोन प्रथिनांची जनुकं शोधली. पुढे कळलं की या कात्रीचा पूर्वज म्हणजे एका जागेवरून सुटून दुसऱ्या जागी घुसणारा भटका डीएनए. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वज प्राण्यांत शिरलेला हा उपरा त्यांनी कामाला जुंपला.

कात्रीला खुणा दिलेल्या आहेत. प्रत्येक सुट्या भागाशेजारी सात अक्षरांची एक खूण, मग १२ किंवा २३ अक्षरांची मोकळी जागा, मग नऊ अक्षरांची दुसरी खूण. बारावाल्याची जोडी तेवीसवाल्याशीच जमते, त्यामुळे चुकीचे भाग एकमेकांना चिकटत नाहीत. आणखी एक बंधन वेळेचं आहे. पेशी डीएनएची नक्कल करायला लागली की रॅग-२ लगेच नष्ट केलं जातं. कात्री फक्त नकलेपूर्वीच्या काही तासांपुरतीच हातात असते. इतका बंदोबस्त पाहिल्यावर या यंत्रणेला निष्काळजी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

रात्री १. चार तास.

चौदाव्या गुणसूत्रावर रॅग आपली खूण शोधतं. आधी डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकाला छेद देतं. त्या छेदाचं मोकळं टोक वळून समोरच्या धाग्यावर चाल करतं आणि तोही तुटतो. एका डी भागाशेजारी आणि एका जे भागाशेजारी असे दोन घाव होतात. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे आहे.

माणूस झोपला आहे.

रात्री २:३०. अडीच तास.

आता अठरावं गुणसूत्र. त्यावर बीसीएल-२ नावाचं जनुक आहे, सुमारे २ लाख अक्षरं लांब. प्रतिपिंडाशी त्याचा संबंध नाही, आणि त्याला कापण्याचं कुणालाच कारण नाही. योशिहिदे त्सुजिमोतो आणि कार्लो क्रोचे यांनी ते १९८०च्या दशकाच्या मध्यावर लिम्फोमाच्या पेशींतूनच शोधलं. १९८५मध्ये त्यांनीच म्हटलं होतं की चौदा-अठराचा हा सांधा प्रतिपिंडाच्या जुळणीतल्या चुकीतून आलेला दिसतो.

पण चौदाव्यावरचा घाव समजला तरी अठराव्यावरचा समजत नव्हता. जगभरच्या रुग्णांतले तुटण्याचे बिंदू मांडले, तेव्हा जवळजवळ निम्मे एकाच पट्ट्यात पडले: फक्त १५० अक्षरांच्या. दोन लाखांतल्या दीडशे! योगायोगाने असं होत नाही. मग तिथे रॅगची खूण असणार, असं वाटलं. तशी खूण त्या पट्ट्यात नाही. कात्रीला वाचता येईल असं तिथे काही लिहिलेलंच नाही, आणि घाव मात्र तिथेच.

२००४मध्ये राघवन, लीबर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये उत्तर मांडलं. त्यांनी अक्षरांऐवजी आकार तपासला. बायसल्फाइट नावाचं रसायन डीएनएतल्या ‘सी’ या अक्षरावर हल्ला करतं, पण ते अक्षर समोरच्या धाग्यातल्या जोडीदारापासून सुटं असेल तरच. नेहमीच्या दुपेडी डीएनएला ते फारसं शिवत नाही. या दीडशे अक्षरांच्या पट्ट्याला मात्र ते ठिकठिकाणी लागलं. तिथले धागे एकमेकांपासून सुटलेले होते, आणि तेही क्षणभरापुरते नव्हे, टिकून. मानवी पेशींतली २० ते ३० टक्के बीसीएल-२ जनुकं या वेड्यावाकड्या आकारात होती. सुटलेल्या जागा आणि रुग्णांतल्या तुटीच्या जागा चांगल्याच जुळत होत्या. रॅग तिथे खरोखर छेद देतं हेही परीक्षानळीत आणि जिवंत पेशीत ठेवलेल्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर दिसलं. कात्री खूण वाचते, आणि जिथे धागे फाकलेले असतात तिथेही चालते.

मग हा आकार कोणता? बंगळुरूच्या गटाने २०११मध्ये सांगितलं की त्यात निदान एका जागी ‘जी’ अक्षरांची चौपेडी गाठ बसते. एका धाग्यातल्या जी अक्षरांचे चार झुपके चौरसात एकमेकांना धरतात आणि थरावर थर चढतात. त्यामुळे समोरचा धागा एकटा पडतो. ही गाठ चुंबकीय अनुनादाने पाहण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले रामकृष्ण होसूर सहभागी होते. लीबर यांच्या गटाने २००८मध्ये आणखी एक वाट दाखवली होती: प्रतिपिंड घडवणाऱ्या पेशींतलंच एक दुसरं प्रथिन तिथल्या ‘सी’ अक्षराचं रासायनिक रूप बदलतं, जोडी जुळेनाशी होते आणि रॅग त्या विजोड जागेवर घाव घालतं. दोन्ही स्पष्टीकरणांत कात्री तीच आहे, आणि दोन्हींत डीएनएचा बिघडलेला आकारच तिला बोलावून घेतो.

मला या सगळ्यात हेच सर्वांत मोलाचं वाटतं. चार अक्षरांची लिपी वाचली की जीवन कळलं, असं आपल्याला जीनोमच्या उत्साहात वाटू लागलं होतं. या दीडशे अक्षरांत अक्षरं वाचून काही कळत नव्हतं. ती कशी वळली, कुठे फाकली, हे पाहावं लागलं.

पहाटे ४. एक तास.

पेशीकेंद्रकात आता हवी त्याहून जास्त सुटी टोकं आहेत. चौदाव्याची आहेत, ती अपेक्षितच. अठराव्याची दोन, अनपेक्षित. केंद्रक काही मायक्रोमीटर रुंद आणि त्यात सुमारे दोन मीटर डीएनए दाटीवाटीने भरलेला. गुणसूत्रं त्यात कुठेही भरकटत नाहीत, प्रत्येकाचा आपापला इलाखा असतो. बी-पेशींत चौदाव्यावरचं प्रतिपिंडाचं जनुक आणि अठराव्यावरचं बीसीएल-२ हे योगायोगापेक्षा जास्त वेळा जवळजवळ आढळतात.

टोक उघडं पडलं की काही क्षणांत ‘कू’ नावाचं कड्यासारखं प्रथिन त्याच्यावर चढतं. मग मोठा ताफा येतो. ‘आर्टेमिस’ वळलेली टोकं उघडतं. आणखी एक विकर टोकांना स्वतःच्या मनाने काही अक्षरं जोडतं, कुठल्याही साच्याशिवाय. त्यामुळे प्रतिपिंडांत अधिक विविधता येते. हा ताफा अत्यंत जलद आणि अत्यंत कष्टाळू आहे. आपल्या प्रत्येक पेशीत रोज आपोआप होणाऱ्या दुपेडी तुटी बहुतांशी तोच सांधतो. पण तो गुणसूत्राचा क्रमांक वाचत नाही. अंधारात वाऱ्याने दोन पोथ्या विस्कटल्या आणि कुणी निरक्षर पण प्रामाणिक माणूस सापडतील ती पानं शिवून टाकू लागला, तर तो शिवण भक्कमच घालेल.

पहाटे ५. शून्य.

लायगेज-४ हे विकर शेवटचा टाका घालतं. चौदाव्याचं टोक अठराव्याच्या टोकाला.

पलीकडे अठराव्याचं उरलेलं टोक चौदाव्याच्या तुकड्याला लागतं. दोन गुणसूत्रांनी शेपट्या बदलल्या. एकही अक्षर वाया गेलं नाही म्हणावं इतका थोडा डीएनए हरवला. सांध्यात त्या मनमानी विकराने घातलेली काही अक्षरं मात्र अडकून राहिली. तीच अक्षरं, त्याच क्रमाने, जगातल्या दुसऱ्या कुणाच्या सांध्यात सापडण्याची शक्यता जवळजवळ नाही.

माणसाला काही जाणवलं नाही. ताप नाही, वेदना नाही. टोकं उघडी असेपर्यंत पेशीत धोक्याचे इशारे चालू होते. टाका पडताच ते थांबले. पेशीच्या दृष्टीने दुरुस्ती यशस्वी झाली.

सकाळी ८. शून्यानंतर तीन तास.

तो बसने कामाला निघाला आहे. पेशीत डीएनएची नक्कल सुरू होते. रॅग-२ नष्ट झालं, कात्री गेली. ठरलेला बंदोबस्त चोख पाळला गेला, फक्त तीन तास उशिरा. नक्कल करणारी यंत्रणा अक्षरामागून अक्षर उतरवते, आणि नव्या सांध्यावरून न अडखळता पुढे जाते. समोर जे आहे ते खरं, एवढंच तिला कळतं.

संध्याकाळी ६. तेरा तास.

विभाजन. हा टप्पा थोडक्यात संपतो, तासाभरात. पण इथे हा अपघात कळू शकला असता. पेशी दुभंगताना प्रत्येक गुणसूत्राच्या मधल्या बिंदूला, सेंट्रोमिअरला, दोन्ही बाजूंनी दोऱ्या लागतात, आणि दोऱ्या नीट लागल्यात का हे काटेकोर तपासलं जातं. सांधताना दोन सेंट्रोमिअर एकाच गुणसूत्रावर आले असते, तर ते दोन दिशांना ओढलं जाऊन तुटलं असतं. पुन्हा सांधलं गेलं असतं, पुन्हा तुटलं असतं. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३०च्या दशकाअखेर मक्याच्या दाण्यांत हे चक्र पाहिलं. काही कर्करोगांत ते याहून भयंकर रूप घेतं. मागे राहिलेलं गुणसूत्र वेगळ्या छोट्या केंद्रकात अडकतं, तिथे त्याच्या ठिकऱ्या उडतात आणि दुरुस्तीचा ताफा त्या भलत्याच क्रमाने जोडतो. केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतल्या गटाने २०११मध्ये ठिकऱ्या आणि भलत्या जोडणीचा हा प्रकार प्रथम दाखवला. हाडांच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपास होतं. एकाच पेशीचक्रात हा सगळा विध्वंस होऊ शकतो, हे २०१५मध्ये डेव्हिड पेलमन यांच्या प्रयोगशाळेने पेशी पाहता पाहता सिद्ध केलं.

आपल्या पेशीत तसं काही होत नाही. चौदाव्याला एक सेंट्रोमिअर, अठराव्याला एक. तपासणी पार पडते. एकाच्या दोन होतात, आणि दोन्हींत तो सांधा.

पुढचे आठवडे.

पेशीला प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. चौदाव्याच्या दुसऱ्या प्रतीवर प्रतिपिंडाची जुळणी नीट होते, आणि पेशी सन्मानाने मज्जेबाहेर पडते. बीसीएल-२चं प्रथिन एका अक्षरानेही बदललेलं नाही. बदलला तो त्याचा पत्ता. ते आता प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी राहतं, जिथे बी-पेशीचा सगळा जोर असतो, आणि म्हणून अखंड चालू राहतं.

ते काय करतं, हे मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉ, सुझन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी १९८८मध्ये दाखवलं. कर्करोगाचं जनुक म्हणजे पेशींना भराभर वाढवणारं, अशी तोवरची धारणा होती. बीसीएल-२ पेशीला वाढवत नाही. ते तिला मरू देत नाही. लसीकाग्रंथीत बी-पेशींची कठोर निवड होते. ज्यांचं प्रतिपिंड जंतूला नीट धरत नाही त्यांनी काही तासांत मरायचं असतं, आणि त्यासाठी तिथे बीसीएल-२ बंद केलेलं असतं. आपल्या पेशीत ते बंद होत नाही. ती प्रत्येक निवडीतून वाचते. आणि तिथे प्रतिपिंड सुधारण्यासाठी मुद्दाम जनुकांत बदल घडवले जातात, त्यामुळे वाचलेल्या पेशीत एकेक नवी इजा साठत जाते.

तरीही शून्याला मी सर्वनाश म्हणत नाही, आणि याचं कारण पुन्हा बंगळुरूतच सापडतं. राघवन यांच्या प्रयोगशाळेत मृदुला नंबियार आणि सहकाऱ्यांनी निरोगी भारतीयांच्या रक्तात हा सांधा शोधला. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश लोकांत तो मिळाला. त्या अडीचशेच्या आसपास माणसांतल्या दर तिघांपैकी एकाच्या शरीरात अशी रात्र होऊन गेली होती, आणि ती माणसं ठणठणीत होती. बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. युरोपात वर्षानुवर्षं साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून २०१४मध्ये दिसलं की अशा पेशी दहा हजारांत एकीपेक्षा जास्त असतील तर धोका बराच वाढतो, आणि हे निदानाच्या अनेक वर्षं आधी दिसतं.

पस्तीस वर्षांनंतर.

समजा, तो त्या दुर्दैवी थोड्यांपैकी निघाला. बंगळुरूत होसूर रस्त्यावर किदवई रुग्णालय १९७३पासून उभं आहे. बेळगाव-विजापूरकडची मराठी घरंही उपचारासाठी बंगळुरूला येतात. अशा कुठल्याही मोठ्या कर्करोग रुग्णालयात हा सांधा रंगीत चकाकत्या खुणांनी पाहता येतो: चौदाव्यावर एक रंग, अठराव्यावर दुसरा. निरोगी पेशीत ते वेगवेगळे असतात, इथे एकमेकांवर चढलेले.

आणि मग घरातलं माणूस विचारतं: काय चुकलं? काय खाल्लं होतं, कुठला ताण घेतला, कोणाचं काय बाधलं? तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, तिथे या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते स्पष्ट द्यायलाच हवं. पण या आजाराच्या पहिल्या घावाला त्या माणसाचं एकही कृत्य जबाबदार नाही. त्या रात्री त्याचं शरीर त्याला जंतूंपासून वाचवण्याचं काम करत होतं. कात्री आपली, शिवणारे आपले, दोघांनीही नेमून दिलेलं काम केलं. ज्या घरात पथ्यापाण्यावरून, नवससायासांवरून आजाऱ्यालाच दोष दिला जातो, तिथे डॉक्टरांनी ही गोष्ट पाच मिनिटं काढून सांगावी, असं मला कळकळीने वाटतं. औषधाइतकंच तेही गरजेचं आहे.

औषधांचं म्हणाल तर घटनाक्रमाच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर कुणी ना कुणी काम करतंय. २०१२मध्ये राघवन यांच्या गटाने ‘सेल’मध्ये एससीआर-७ हा रेणू मांडला. शेवटचा टाका घालणारं लायगेज-४ अडवायचं, म्हणजे मुळातच तुटीने भरलेल्या कर्कपेशी न सांधलेल्या टोकांच्या ओझ्याने मरतील, अशी ती कल्पना. इतर प्रयोगशाळांना त्याचा परिणाम तितका नेमका आढळला नाही, आणि त्यावर वाद झाला. कल्पनेची दिशा मला तरीही महत्त्वाची वाटते. बीसीएल-२ प्रथिनालाच जखडणारं व्हेनेटोक्लॅक्स २०१६मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते एका वेगळ्या रक्तकर्करोगासाठी. ज्या आजारातून हे प्रथिन सापडलं, त्या फॉलिक्युलर लिम्फोमात ते एकटं अपेक्षेपेक्षा कमी पडलं. पस्तीस वर्षांत पेशीने इतर आधारही शोधलेले असतात.

आजार संथ असेल तर कित्येकदा डॉक्टर लगेच औषध देतच नाहीत. काही महिन्यांनी बोलावतात, गाठ मोजतात, थांबतात. उपचार झाले की मग रक्तात त्या सांध्याचा शोध घेता येतो. शून्याच्या क्षणी अडकलेली ती मनमानी अक्षरं इथे कामाला येतात: प्रत्येक रुग्णाचा क्रम वेगळा, त्यामुळे लाखभर निरोगी पेशींत लपलेली त्याची एक पेशीही ओळखता येते. ती सापडली नाही, तर पुढच्या तपासणीची तारीख लांबची मिळते.